पोटावरचा मार

‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका,’ असं आपल्याकडे म्हणतात. म्हणीचा रोख अर्थातच रोजीरोटीवर असतो. शिक्षा करा, पण माणसाची भाकरी काढून घेऊ नका, एवढंच तिला सांगायचं असतं. मुष्टियुद्धाच्या रिंगणात मात्र ही म्हण शब्दशः उलटी झालेली दिसते. तिथं पाठीवर, मूत्रपिंडांच्या जागी मारणं नियमबाह्य आणि पोटावर मारायला पूर्ण मुभा. कमरेच्या पट्ट्याच्या वर, पोटाच्या खळगीत, बरगड्यांवर बसलेल्या ठोशाचं मोल नियमांच्या लेखी हनुवटीवरच्या ठोशाइतकंच असतं.

प्रेक्षकांच्या लेखी ते तसं कधीच नव्हतं. हनुवटीवर ठोसा बसला की मान झटकन फिरते, घामाचे थेंब उडतात, गुडघे लटपटतात आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही काय झालं ते कळतं. धडावरचा ठोसा बहुतेकदा मारणाऱ्याच्या खांद्याआड आणि खाणाऱ्याच्या कोपराखाली घडतो. आवाजही दबका येतो. म्हणूनच मुष्टियुद्धाच्या जाणकारांमध्ये एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे : धडावर सर्वांत विध्वंसक मारा करणारा मुष्टियोद्धा कोण? बॉब फिट्झसिमन्स, जॅक डेम्प्सी, टोनी झेल, जो लुई, रॉकी मार्सियानो, जो फ्रेझर, रॉबर्तो दुरान, माइक मॅक्कलम, हुलिओ सेसार चावेझ, मिकी वॉर्ड आणि अलीकडचा जपानी नाओया इनोउए, अशी नावं पुढे येतात. प्रत्येकाचा कैवार घेणारे असतात आणि पुरावा म्हणून ‘धडावर मारून कितींना आडवं केलं’ हा हिशेब मांडला जातो.

मी स्वतः कधी ग्लोव्हज घातलेले नाहीत आणि वैद्यकाचं शिक्षणही घेतलेलं नाही. जुन्या लढतींच्या चित्रफिती, नियमांचे मसुदे आणि मुष्टियोद्ध्यांच्या आठवणी गोळा करत आलेला मी एक हौशी अभ्यासक आहे. या अभ्यासात मला एक सवय उपयोगी पडली. लढत आवाज बंद करून पाहायची आणि नजर मारणाऱ्याच्या मुठीवर न ठेवता मार खाणाऱ्याच्या उजव्या कोपरावर ठेवायची. ते कोपर कितव्या फेरीत खाली यायला लागतं, हे टिपत जायचं. त्यातून माझं मत असं बनलं की, हा वाद चुकीच्या पुराव्यावर चालतो. धडावरच्या माऱ्याची सर्वांत मोठी कामं त्या माऱ्याच्या नावावर नोंदलेलीच नाहीत. आणि ज्यांच्यावर तो मारा झाला, त्यांना इतिहासानं पुरेसा न्याय दिलेला नाही.

१. तीस सेकंद आणि दहा सेकंद

पोटाच्या खळगीवर मारलं की माणूस हतबल होतो, हे ज्ञान जुनं आहे. १७४७ साली लंडनमध्ये कॅप्टन जॉन गॉडफ्री यांचं स्वसंरक्षणाच्या विद्येवरचं पुस्तक आलं. कानाखाली, दोन भुवयांच्या मध्ये आणि पोटावर बसणारे ठोसे इतके घातक का, याची कारणमीमांसा त्यात आहे. पुढे इंग्लंडच्या उघड्या मुठींच्या लढतींत पोटाच्या खळगीला ‘मार्क’, म्हणजे नेमाची जागा, असंच नाव पडलं. त्या काळी धडावर मारण्याला एक व्यावहारिक कारणही होतं. कवटीचं हाड कठीण आणि हाताची हाडं नाजूक. ग्लोव्हजशिवाय डोक्यावर मारत राहणारा स्वतःचाच हात मोडून घ्यायचा.

तरीही त्या युगात धडावरच्या एका ठोशानं लढत तिथंच संपणं अवघड होतं. कारण नियमांत आहे. जॅक ब्रॉटन यांच्या १७४३च्या नियमांनुसार खाली पडलेल्याला अर्ध्या मिनिटात पुन्हा रिंगणाच्या मधल्या चौकोनाशी आणलं की लढत पुढे सुरू व्हायची. १८३८च्या लंडन प्राइज रिंग नियमांत तीस सेकंदांची विश्रांती आणि मधल्या रेषेपाशी येऊन उभं राहायला आणखी आठ सेकंद अशी तरतूद होती. त्यामुळे श्वास कोंडून खाली बसलेल्या माणसाला तो परत मिळवायला बहुधा पुरेसा वेळ मिळे.

१८६७ साली मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नावानं नवे नियम प्रसिद्ध झाले. ते लिहिले होते जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी. ग्लोव्हज आले, तीन मिनिटांची फेरी आली आणि पडलेल्याला उठायला फक्त दहा सेकंद उरले. खेळ सुसंस्कृत करण्यासाठी आणलेल्या या नियमांचा एक परिणाम क्वचितच लक्षात घेतला जातो. धडावरच्या ठोशाची भूल साधारण दहा-पंधरा सेकंदांची असते. नव्या नियमांनी उठायची मुदत नेमकी तिच्या आत आणून ठेवली. धडावरच्या ठोशानं लढत जिंकण्याची कला, माझ्या मते, त्या दहा सेकंदांतून जन्माला आली.

२. कार्सन सिटी, १७ मार्च १८९७

या कलेचा पहिला जगजाहीर पुरावा नेवाडा राज्यातल्या कार्सन सिटीत मिळाला. जेम्स कॉर्बेट हेवीवेट विजेता होता. १८९२ साली जॉन सलिव्हनला हरवून त्यानं हे पद मिळवलं होतं. पायांची चपळाई, सफाईदार जॅब आणि नीटनेटका पोशाख यांमुळे त्याला ‘जंटलमन जिम’ म्हणत. समोर होता बॉब फिट्झसिमन्स. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये जन्मलेला, न्यूझीलंडच्या टिमारूमध्ये वाढलेला, पेशानं लोहार. त्याचे पाय काटकुळे होते आणि खांदे मात्र भात्यापुढे आयुष्य काढलेल्या माणसाचे. कॉर्बेटपेक्षा तो सुमारे सात किलोंनी हलका होता.

सहाव्या फेरीत कॉर्बेटनं त्याला खाली पाडलं. त्याचा चेहरा रक्तानं माखला होता आणि फेऱ्यामागून फेऱ्या कॉर्बेट वरचढ ठरत होता. चौदाव्या फेरीत फिट्झसिमन्सचा डावा हात कॉर्बेटच्या पोटाच्या खळगीत घुसला. कॉर्बेट गुडघ्यावर आला. तो पूर्ण शुद्धीवर होता. रेफरी जॉर्ज सायलरचे आकडे त्याला ऐकू येत होते, उठायचंय हेही कळत होतं, पण शरीर हलेना. दहा आकडे झाले आणि विजेतेपद गेलं. थोड्याच वेळात तो उठला आणि संतापानं फिट्झसिमन्सच्या अंगावर धावून गेला. लोकांना त्याला आवरावं लागलं. ब्रॉटनच्या काळात हीच लढत पंधराव्या फेरीत गेली असती.

ही लढत एनॉक रेक्टर यांनी व्हेरिस्कोप नावाच्या यंत्रानं चित्रित केली होती. शंभर मिनिटांहून मोठा हा चित्रपट जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो. आज त्याचे काही भागच शिल्लक आहेत. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. तेव्हाच्या प्रेक्षकांनी तो एका प्रश्नाच्या उत्तरासाठीही पाहिला : कॉर्बेट गुडघ्यावर असताना फिट्झसिमन्सनं नियमबाह्य ठोसा मारला का? कॉर्बेटच्या बाजूची तशी तक्रार होती. मला या तक्रारीमागचं मानसशास्त्र महत्त्वाचं वाटतं. शुद्धीवर असलेला धडधाकट माणूस दहा सेकंद नुसता बसून राहिला, हे लोकांच्या पचनी पडत नव्हतं. काहीतरी लबाडी झाली असणार, अशी शंका घेणं जास्त सोपं होतं.

‘सोलर प्लेक्सस’ हा शरीरशास्त्रातला शब्द या लढतीनंतर वर्तमानपत्रांतून घरोघर पोचला.

३. शरीराचा नकार

वैद्यकानं यामागचं जे स्पष्टीकरण दिलं आहे, ते मला समजलं तसं सांगतो. सोलर प्लेक्सस म्हणजे जठराच्या मागे असलेलं मज्जातंतूंचं जाळं. त्या जागी जोरात आघात झाला की श्वासपटल आखडतं आणि माणसाला श्वास घेता येत नाही.

यकृताची गोष्ट निराळी. ते उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या कडेशी असतं. चांगला मोठा, रक्तानं भरलेला हा अवयव पुढच्या बाजूनं पुरता झाकलेला नसतो. समोरासमोर उभं राहिलं की प्रतिस्पर्ध्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताच्या समोर येते, म्हणून डाव्या हाताचा हुक हे यकृताचं खास हत्यार. मेक्सिकोत त्याला ‘गांचो आल इगादो’, म्हणजे सरळसरळ ‘यकृतावरचा हुक’, असंच म्हणतात. ठोसा बसल्यावर क्षणभर काहीच होत नाही. माणूस एखादं पाऊल टाकतो, कधी उलटा ठोसाही मारतो. मग रक्तदाब आणि हृदयाची गती एकदम खाली येते, पायांतलं बळ जातं आणि तो दुमडून खाली बसतो. अनेक चित्रफितींत हा मधला क्षण स्पष्ट दिसतो आणि प्रत्येक वेळी पाहणाऱ्याला वाटतं, अरे, ठोसा तर केव्हाच बसून गेला होता, हा आत्ता का पडला?

डोक्यावरचा ठोसा माणसाची शुद्ध नेतो. शुद्ध गेलेल्याला कुणी भ्याड म्हणत नाही, कारण तिथं त्याचा निर्णयच नव्हता. धडावरचा ठोसा शुद्ध तशीच ठेवतो, विचार चालू ठेवतो आणि शरीर तेवढं काढून घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, या माणसानं न उठायचं ठरवलं. या गैरसमजाची किंमत पुढच्या सव्वाशे वर्षांत कित्येकांनी मोजली.

४. पट्ट्याच्या वर, पट्ट्याच्या खाली

धडावर मारणाऱ्यांच्या इतिहासाला लागूनच नियमबाह्य ठोशाचा इतिहास आहे. १८९६च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये याच फिट्झसिमन्सनं टॉम शार्कीला आडवं केलं, तेव्हा रेफरीनं ठोसा पट्ट्याखाली बसल्याचं ठरवून शार्कीला विजयी घोषित केलं. रेफरी होता अमेरिकेच्या पश्चिमेकडचा प्रसिद्ध बंदूकबाज वायट अर्प. हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि अर्पच्या नावाला ते कायमचं चिकटलं.

पुढच्या शतकात एकाच धाग्यात ओवल्यासारख्या तीन लढती झाल्या. २१ जुलै १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये डेम्प्सी आणि जॅक शार्की समोरासमोर होते. सातव्या फेरीत डेम्प्सीनं धडावर मारा केला. आपल्याला पट्ट्याखाली लागलं, अशी तक्रार करायला शार्कीनं तोंड रेफरीकडे वळवलं आणि त्याच क्षणी डेम्प्सीच्या डाव्या हुकनं त्याला झोपवलं. ठोसा पट्ट्याच्या वर होता की खाली, यावर आजही एकमत नाही. तीन वर्षांनी, १२ जून १९३० रोजी, याच शार्कीनं माक्स श्मेलिंगला खरोखरच पट्ट्याखाली मारलं. शार्की बाद झाला आणि श्मेलिंग जमिनीवर बसल्या बसल्या जगज्जेता झाला. प्रतिस्पर्धी बाद झाल्यामुळे हेवीवेट जगज्जेतेपद मिळालेला तो एकमेव.

तिसरी लढत २२ जून १९३८ची, पुन्हा यांकी स्टेडियममध्ये. जो लुई विरुद्ध श्मेलिंग. दोन वर्षांपूर्वी श्मेलिंगनं लुईला बाराव्या फेरीत हरवलं होतं आणि नाझी प्रचारयंत्रणेनं त्याचं भांडवल केलं होतं. या वेळी एका कृष्णवर्णीय विजेत्याच्या पाठीशी जवळजवळ सगळी अमेरिका उभी होती. लढत १२४ सेकंद चालली. तिचा निकाल ज्या ठोशानं लावला, तो धडावरचा होता. दोरीला धरून श्मेलिंग मार चुकवायला अंग वळवत होता आणि लुईचा उजवा हात त्याच्या कमरेच्या मागच्या बाजूला बसला. श्मेलिंगची किंकाळी रिंगणाभोवतीच्या लोकांनी ऐकली. त्याच्या कण्याच्या एका मणक्याचा बाजूचा भाग मोडला होता. मूत्रपिंडावर नियमबाह्य ठोसा मारल्याचा दावा श्मेलिंगच्या बाजूनं झाला, पण चित्रफितीत दिसतं ते असं : ठोसा निघाला तेव्हा समोर पोट होतं, पोचला तेव्हा पाठ होती.

वर्णद्वेषाच्या आणि राजकारणाच्या त्या संध्याकाळीही ‘आमचा माणूस नियमानं हरला नाही’ हेच सांगावंसं वाटलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. कॉर्बेटची तक्रार आणि ही तक्रार एकाच जातीची आहे.

५. जवळ जाण्याची किंमत

धडावर मारायचं तर जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर वाटेत डोक्यावर मार खावा लागतो. उंच, लांब हातांचे, कलात्मक मुष्टियोद्धे सहसा हा सौदा करत नाहीत. तो करणाऱ्यांची पूर्वपीठिका पाहिली तर एक साम्य डोळ्यांत भरतं. फिट्झसिमन्स लोहार होता. टोनी झेल इंडियाना राज्यातल्या गॅरीच्या पोलाद कारखान्यात राबला होता. जो फ्रेझर साउथ कॅरोलिनातल्या गरीब शेतकरी घरातला, फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात काम करणारा. मिकी वॉर्ड मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलचा, रस्त्यांवर डांबर टाकणाऱ्या टोळीतला. चावेझचं बालपण मेक्सिकोतल्या कुलियाकानमध्ये एका टाकून दिलेल्या रेल्वेच्या डब्यात गेलं. मजुरीतून आलेला प्रत्येक जण धडावर मारतो असं नाही. पण आधी सोसायचं, मग वसूल करायचं हा हिशेब ज्यांना लहानपणापासून ठाऊक असतो, त्यांना ही शैली परकी वाटत नसावी.

झेलनं २७ सप्टेंबर १९४६ रोजी रॉकी ग्रॅझियानोविरुद्ध हा हिशेब पूर्ण केला. झेल स्वतः हरता हरता राहिला होता. सहाव्या फेरीत त्याचा उजवा हात ग्रॅझियानोच्या पोटात गेला आणि पाठोपाठ डावा हुक जबड्यावर. नोंदींत बहुतेकदा जबड्यावरच्या ठोशाचं नाव येतं. पण पोटातल्या ठोशानं श्वास कोंडला नसता, तर तो जबडा तिथं उघडा सापडला नसता.

फ्रेझरच्या डाव्या हाताला लहानपणी दुखापत झाली होती आणि तो कायमचा किंचित वाकडा राहिला. हुकसाठी जणू घडवूनच ठेवलेला. ८ मार्च १९७१ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं पंधराव्या फेरीत मुहम्मद अलीला खाली पाडलं, ते सर्वांच्या लक्षात आहे. त्याआधीच्या चौदा फेऱ्या फ्रेझर अलीच्या कमरेवर आणि बरगड्यांवर काय करत होता, ते फार थोड्यांच्या लक्षात आहे. १ ऑक्टोबर १९७५ला मनिलात, मधल्या फेऱ्यांमध्ये त्यानं तेच पुन्हा केलं. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचा प्रशिक्षक एडी फच यानं लढत थांबवली, म्हणून अली जिंकला. मात्र मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, अशा अर्थाचं अली नंतर बोलला.

मिकी वॉर्डची गोष्ट अधिक नाट्यपूर्ण. १२ एप्रिल १९९७ रोजी लास व्हेगासमध्ये अल्फोन्सो सांचेझविरुद्ध तो इतका निष्प्रभ दिसत होता की समालोचक त्याच्यावर टीका करत होते. सातव्या फेरीत एक डावा हुक यकृतावर बसला आणि सांचेझ उठलाच नाही. सहा फेऱ्यांची कंटाळवाणी हार एका क्षणात पुसली गेली.

६. न मारलेला ठोसा

वॉर्डसारखी उदाहरणं पाहून वाटेल की एका ठोशात काम करणारा तोच श्रेष्ठ. पण धडावरच्या माऱ्याचं एक रूप याहून सूक्ष्म आहे आणि ते जमैकाच्या माइक मॅक्कलमनं दाखवलं. त्याचं टोपणनावच ‘बॉडी स्नॅचर’. १८ जुलै १९८७ रोजी त्याच्यासमोर डोनाल्ड करी होता. पहिल्या चार फेऱ्या करीच बरा खेळत होता. पाचव्या फेरीत मॅक्कलमच्या एका डाव्या हुकनं करी पाठीवर पडला आणि लढत संपली. हा हुक हनुवटीवरचा होता.

चित्रफीत सावकाश पाहिली की करीचं उजवं कोपर दिसतं. डावा हात खालून निघताना पाहून ते बरगड्यांच्या रक्षणाला सरसावतं आणि त्याच क्षणी हनुवटीजवळची मूठ दूर होते. मॅक्कलमला धडावर मारावंही लागलं नाही, मारेल ही भीती पुरली. धडावर मारणाऱ्याच्या खात्यात हा विजय कुठं मांडायचा? आकडे मोजणाऱ्यांकडे त्यासाठी रकानाच नाही.

७. दोन सेकंद

म्हणून मी या वादात तीन निकष धरतो : एका ठोशाचं बळ, साचत जाणारा मारा आणि प्रतिस्पर्ध्याच्या मनातली धास्ती. पहिल्यात फिट्झसिमन्स, वॉर्ड, इनोउए यांना तोड नाही. तिसऱ्यात मॅक्कलम. तिन्ही एकत्र धरून एकच नाव घ्यायचं तर मी हुलिओ सेसार चावेझचं घेईन. त्याचा पहिला पराभव १९९४च्या जानेवारीत झाला, तोवर नव्वद लढतींत तो अजिंक्य होता. माझा कौल मात्र त्या आकड्यापेक्षा एका लढतीवर अधिक टेकलेला आहे.

१७ मार्च १९९०, लास व्हेगास. कार्सन सिटीच्या लढतीला त्या दिवशी ९३ वर्षं पूर्ण होत होती. समोर होता मेल्ड्रिक टेलर, १९८४च्या ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता, स्वतःही अपराजित. त्याचे हात डोळ्यांना दिसू नयेत इतके वेगवान होते. बहुतेक फेऱ्या टेलरनं जिंकल्या. त्याचे कितीतरी जास्त ठोसे लागले. अकरा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर तो स्पष्ट पुढे होता. नुसता उभा राहिला असता तरी जिंकला असता.

पण कोपर पाहत बसलं की दुसरीच लढत दिसते. चावेझ कमी मारत होता आणि जे मारत होता ते वाया जात नव्हतं. डावा हुक बरगड्यांवर, उजवा हात त्यामागून चेहऱ्यावर, पुन्हा धडावर. सहाव्या-सातव्या फेरीनंतर टेलरचे पाय पूर्वीसारखे फिरत नाहीत. जिंकत असतानाच तो आतून रिता होत होता. शेवटच्या फेरीत चावेझच्या उजव्या हातानं तो कोपऱ्यात पडला, उठला. रेफरी रिचर्ड स्टील यांनी त्याला दोनदा विचारलं, तो ठीक आहे का. टेलरची नजर आपल्या प्रशिक्षकाकडे वळली होती. उत्तर आलं नाही. स्टील यांनी लढत थांबवली तेव्हा दोन सेकंद उरले होते.

त्या दोन सेकंदांवर आजही वाद चालतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते नंतर रुग्णालयात दिसलेलं. टेलरच्या चेहऱ्याचं हाड मोडलं होतं, लढताना तो स्वतःचं रक्त गिळत राहिला होता आणि लघवीतूनही रक्त जात होतं. नोंदवहीत या विजयाचं कारण ‘उजवा हात, डोक्यावर’ असं आहे. त्या उजव्या हाताला वाट करून देणारे धडावरचे ठोसे अकरा फेऱ्या आधीपासून पडत होते आणि गुणपत्रिकांत त्यांची नोंद नव्हती. ‘धड मारा, डोकं आपोआप मरेल’ अशी तालमींतली जुनी शिकवण आहे. ती वाक्प्रचार म्हणून ऐकायला बरी वाटते. टेलर पुढे आणखी एका वजनगटाचा विजेता झाला, पण आधीचा टेलर पुन्हा दिसला नाही. उत्तरकाळातल्या मुलाखतींत त्याची जीभ जड झालेली ऐकू येते. धडावरचा मारा मेंदूला वाचवतो, म्हणून तो त्यातल्या त्यात दयाळू, असं म्हणणाऱ्यांनी त्या मुलाखती ऐकाव्यात.

‘सर्वांत विध्वंसक’ हा किताब देताना हात थोडा थरथरतो, तो यामुळे. चावेझनं नियमाबाहेर काही केलं नाही. त्याच्या कलेचं कौतुक करताना तिनं काय केलं तेही त्याच वाक्यात सांगावं, एवढंच माझं म्हणणं.

८. न उठलेले

आता खाली बसलेल्यांविषयी. १८ सप्टेंबर २००४ रोजी बर्नार्ड हॉपकिन्सच्या डाव्या हातानं ऑस्कर दे ला होयाला नवव्या फेरीत यकृतावर गाठलं. त्याला व्यावसायिक कारकिर्दीत कुणीही आजवर बाद केलं नव्हतं. तो जमिनीवर वळवळला आणि आकडे संपताच मूठ जमिनीवर आपटत राहिला. काहींनी लगेच कुजबुज केली : एवढ्या लहानशा ठोशानं? पैसे घेऊन बसला असेल. १८९७ मधली शंका शंभर वर्षांनी जशीच्या तशी परत आली होती.

दुसरं चित्र ७ नोव्हेंबर २०१९चं, जपानच्या सैतामातलं. अकराव्या फेरीत इनोउएचा डावा हुक नोनितो दोनेरेच्या यकृतावर बसला. दोनेरे पाठ फिरवून काही पावलं पळाला आणि गुडघ्यावर बसला. छत्तीस वर्षांचा हा माणूस शेवटच्या क्षणी उठला आणि बारावी फेरीही पूर्ण खेळला. तो हरला, पण त्या रात्री लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. योग्यच केलं. फक्त दोनेरेच्या धैर्याचं माप घेऊन दे ला होयाला भ्याड ठरवू नये. हुक दोन बोटं इकडे की तिकडे बसला, श्वास आत होता की बाहेर, पोटाचे स्नायू त्या क्षणी आवळलेले होते की सैल, यांवर तो फरक अवलंबून असतो. मनाचा त्यात फारसा वाटा नसतो.

आपण खेळाच्या इतिहासात जिद्दीला फार वरचं स्थान देतो. पडून उठणाऱ्यांच्या गोष्टी मुलांना सांगतो, आणि त्या सांगाव्यातच. पण उठायची इच्छा शाबूत असूनही शरीर नाही म्हणतं, असाही एक पराभव असतो आणि तो लबाडी किंवा भित्रेपणा नसतो. कार्सन सिटीच्या त्या फितीचे उरलेले तुकडे आजही पाहता येतात. त्यांत गुडघ्यावर बसलेला जेम्स कॉर्बेट पाहताना त्याला ऊठ म्हणू नये. त्याला सगळं ऐकू येत होतं.